पाण्यातल्या करंडकांची साक्ष

नरडाणा आणि आसपासच्या शिंदखेडा तालुक्यात पाण्यात बुडून मृत्यू ही दुर्दैवाने नवी बातमी नाही. मोटार सुरू करायला गेलेला शेतकरी विहिरीत पडतो, सुटीत पोहायला गेलेली मुले तापीच्या डोहात अडकतात, धुणे धुताना बंधाऱ्यावरून पाय घसरतो. मृतदेह वर काढला जातो, पोलीस पाटील ठाण्याला कळवतात, आकस्मिक मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो आणि देह शवविच्छेदनासाठी सरकारी दवाखान्यात येतो. त्याच्याबरोबर हवालदाराच्या हातात कधी कधी एक बाटली असते. तिच्यात त्याच विहिरीचे किंवा नदीचे लिटरभर पाणी असते.

नातेवाइकांना ही बाटली कोड्यात टाकते. पाण्यात विष होते का, ते तपासणार असतील, असा बहुतेकांचा समज होतो. प्रत्यक्षात त्या पाण्यात शोधायचे असतात ते डोळ्यांना न दिसणारे, काचेच्या कवचाचे जीव. त्यांना डायटम म्हणतात. मराठी परिभाषेत त्यांना ‘करंडक वनस्पती’ असे फार समर्पक नाव आहे. मार्च २०२१ मध्ये मुंब्र्याच्या खाडीत सापडलेल्या एका मृतदेहाच्या तपासात ‘डायटम चाचणी’ हा शब्द वर्तमानपत्रांत बरेच दिवस गाजला होता. तोवर तो शवागाराच्या भिंतीबाहेर फारसा आलेला नव्हता.

पाण्यातून काढलेल्या देहाबद्दल डॉक्टरला विचारला जाणारा पहिला प्रश्न एकच असतो. पाण्यात पडला तेव्हा माणूस जिवंत होता का? देह ताजा असेल तर उत्तर देणे तितकेसे अवघड नसते. तोंडानाकाशी चिकट पांढरा फेस असतो, फुप्फुसे पाण्याने फुगलेली असतात, घट्ट मिटलेल्या मुठीत कधी चिखल तर कधी पाणवनस्पती सापडते. पण खानदेशचा उन्हाळा या खुणांना दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त टिकू देत नाही. चौथ्या दिवशी वर आलेल्या देहात फेस नसतो आणि फुप्फुसांवरून काही ठरवावे अशी त्यांची अवस्था नसते. शाबूत राहतात ती हाडे. म्हणून अशा वेळी छातीच्या मधले किंवा मांडीचे हाड काढून, सीलबंद करून, पाण्याच्या बाटलीसह न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे पाठवले जाते. मग सुरू होते ‘सीए रिपोर्ट’ची वाट पाहणे. मयत लग्नाला सात वर्षे न झालेली विवाहिता असेल तर पंचनामाच कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे होतो. अशा प्रकरणात या रिपोर्टवर दोन घरांचे डोळे लागलेले असतात. माहेरचेही आणि सासरचेही.

हाडात पाण्यातले जीव पोहोचतात कसे, हे एकदा समजून घेतले की चाचणीचे मर्म कळते. बुडणारा माणूस श्वास घेण्याची धडपड करतो आणि पाणी जोराने फुप्फुसात शिरते. फुप्फुसातले वायुकोश आणि त्यांना लगटलेल्या रक्तवाहिन्या यांच्यामधला पडदा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पाण्याच्या दाबाने तो ठिकठिकाणी फाटतो आणि पाण्याबरोबर बारीक डायटम रक्तात उतरतात. हृदय चालू असेपर्यंत, म्हणजे शेवटची काही मिनिटे, ते रक्त शरीरभर फिरते. त्याबरोबर हे कण यकृतात, मूत्रपिंडात, मेंदूत आणि हाडातल्या मगजात जाऊन बसतात. आधीच मेलेल्या माणसाला पाण्यात टाकले तर पाणी दाबाने फुप्फुसापर्यंत झिरपू शकते, पण पुढे नेणारे हृदय थांबलेले असते. त्यामुळे डायटम एकट्या फुप्फुसात सापडले तर त्याला फारसा अर्थ नसतो. हाडाच्या मगजात सापडले तर असतो. जर्मनीच्या रेव्हेनस्टॉर्फ यांनी १९०४ मध्ये बुडालेल्यांच्या फुप्फुसांतल्या डायटमचा निदानासाठी उपयोग केला. इतर अवयवांतही ते पोहोचतात, हे इन्झे यांनी १९४२ मध्ये दाखवले. तेव्हापासून ही चाचणी जगभर वापरात आहे आणि तेव्हापासूनच तिच्यावर वादही चालू आहेत. त्या वादाकडे पुढे येऊच.

प्रयोगशाळेत हाडातला मगज तीव्र नायट्रिक आम्लात शिजवतात. मांस, चरबी, रक्त सगळे विरघळते. उरते ती सिलिका. डायटमचे कवच सिलिकेचे, म्हणजे काच ज्याची बनते त्याच द्रव्याचे असल्याने आम्लाला दाद देत नाही. धुऊन घेतलेला हा साका सूक्ष्मदर्शकाखाली धरला की कोरीव नक्षीचे कवच दिसते. बाटलीतल्या पाण्यावरही हाच प्रयोग होतो आणि दोन्ही ठिकाणची कवचे ताडून पाहिली जातात.

करंडक हे नाव या कवचामुळेच पडले. कुंकवाच्या करंड्याला जसे बूड आणि त्यावर घट्ट बसणारे झाकण असते, तसेच डायटमचे कवच दोन भागांचे असते. आत एकच पेशी राहते. आकार सहसा २ ते २०० मायक्रॉन. सूर्यप्रकाशात ती हिरव्या झाडासारखेच अन्न तयार करते, फक्त तिचा रंग सोनेरी तपकिरी असतो. नदीतल्या दगडावर पाय ठेवला की जो तपकिरी बुळबुळीत थर पायाखालून सरकतो, त्यात लाखो डायटम असतात. समुद्र, नद्या, तळी मिळून पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे पाचवा हिस्सा या एकपेशीय जीवांकडून होतो. दर पाचव्या श्वासातला प्राणवायू त्यांचा, असे म्हटले तरी चालेल. मेलेल्या डायटमच्या कवचांचे थर साचून बनलेली हलकी, सच्छिद्र माती आल्फ्रेड नोबेल यांनी नायट्रोग्लिसरीन शोषून घ्यायला वापरली आणि १८६७ मध्ये डायनामाइटचे पेटंट घेतले.

त्यांच्या वाढीची पद्धत मोठी विचित्र आहे. पेशीचे दोन भाग होतात तेव्हा करंड्याचे झाकण एकीला मिळते आणि बूड दुसरीला. दोघीही वाट्याला आलेल्या तुकड्याला झाकण मानतात आणि त्याच्या आत बसेल असे नवे बूड घडवतात. म्हणजे जिला बूड मिळाले ती आईपेक्षा थोडी लहान होते. असे पिढ्यान्‌पिढ्या चालते. कवच फारच लहान झाले की लैंगिक प्रजनन होऊन पुन्हा मूळ आकार येतो. त्यामुळे एकाच डबक्यात एकाच जातीचे लहान, मध्यम, मोठे असे सगळे नमुने मिळतात. आकारासोबत बाह्यरेषाही थोडी बदलते. नवख्या माणसाला तर त्या तीन जातीच वाटतील. जुन्या अभ्यासकांचीही अशी फसगत झालेली आहे.

इथेच चाचणीचा कच्चा दुवा आहे. मगजात डायटम सापडला, एवढ्याने काम भागत नाही. तो कोणता, आणि कोणत्या पाण्यातला, हे सांगता आले पाहिजे. कारण पिण्याच्या पाण्यातून, कच्च्या भाजीपाल्यातून, धुळीतूनही काही डायटम धडधाकट माणसाच्या शरीरात शिरू शकतात. शवविच्छेदनाच्या टेबलावर नळाच्या पाण्याने हाड धुतले तर नळातले डायटम हाडाला चिकटतात. म्हणून नियम असा की हत्यारे आणि भांडी ऊर्ध्वपातित पाण्याने धुवायची आणि हाड शक्यतो न फोडता पाठवायचे. उलट बाजूही आहे. पाणी श्वासनलिकेत शिरताच काहींचा घसा आवळला जातो आणि ते फुप्फुसात फारसे पाणी न जाताच गुदमरतात. त्यांच्या मगजात काहीच सापडत नाही. मुळात पाण्यातच डायटम नगण्य असतील तरीही काही सापडत नाही. साठ-सत्तर फूट खोल, अरुंद विहिरीत ऊन जेमतेम तासभर उतरते आणि उजेडाशिवाय डायटम वाढत नाहीत. तेव्हा ‘डायटम आढळले नाहीत’ या शेऱ्याचा अर्थ ‘बुडून मेला नाही’ असा घेणे चूक आहे. हा शेरा वाचून सासरच्यांना किंवा शेजाऱ्यांना गुन्हेगार ठरवून मोकळे होणारे लोक पुष्कळ असतात.

आणि चाचणी चोख झाली तरी ती एकाच प्रश्नाचे उत्तर देते. पाण्यात पडताना जीव होता की नव्हता. माणूस पाय घसरून पडला, स्वतः गेला की कोणी ढकलले, हे कोणताही डायटम सांगत नाही. ते काम तपास करणाऱ्याचे आहे. कोर्टात साक्ष देताना डॉक्टरांना हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

हा प्रश्न मोजक्या लोकांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत अपघाताने बुडून मेलेल्यांची संख्या ३८ हजारांच्या वर आहे. यातल्या बहुतेकांच्या मृत्यूत संशयाला जागा नसते आणि चाचणीची गरजही पडत नाही. ज्यांच्या बाबतीत पडते, त्यांच्यासाठी मात्र हाडातले कवच आणि बाटलीतले कवच यांची जुळणी नेमकी व्हावी लागते.

ही जुळणी नेमकी कशी होईल, याचा एक रस्ता पंजाब-हरियाणाकडच्या अभ्यासकांनी दाखवला. तिकडे कालव्यांचे जाळे मोठे आहे. एका गावाजवळ पाण्यात पडलेला माणूस कित्येक मैल पुढे सापडतो. मुकेश ठाकर आणि राजविंदर सिंह यांनी त्या भागातल्या जलाशयांतले डायटम ऋतूनुसार गोळा करून कोणत्या पाण्यात कोण राहते याचा नकाशाच बनवायला घेतला आणि २०१० मध्ये न्यायवैद्यकाच्या नियतकालिकात तो मांडला. काही जाती सगळीकडे दिसतात, त्यांचा तपासाला उपयोग नाही. काही जाती मात्र एखाद्याच ठिकाणच्या असतात. अशी एखादी जात मगजात सापडली तर माणूस कुठे बुडाला याचा अंदाज बांधता येतो. विहिरीत सापडलेल्या देहाच्या मगजात वाहत्या नदीतले डायटम निघाले, तर तपासाची दिशाच बदलेल.

असा नकाशा बनवायचा तर आधी जाती ओळखता आल्या पाहिजेत. महाराष्ट्र या बाबतीत सुदैवी आहे. इथे हे काम सत्तर वर्षे चालू आहे, फक्त ते वनस्पतिशास्त्राच्या कपाटात राहिले आणि वैद्यकाच्या टेबलापर्यंत क्वचितच आले.

भारतातल्या डायटमची पहिली नोंद जर्मन शास्त्रज्ञ एहरेनबर्ग यांनी १८४५ मध्ये केली. पण गोड्या पाण्यातल्या भारतीय डायटमच्या अभ्यासाचा पाया खऱ्या अर्थाने घातला तो हेमेंद्रकुमार पृथ्वीराज गांधी यांनी. एच. पी. गांधी (१९२०–२००८) यांनी १९५० च्या दशकात कोल्हापूर, राधानगरी, पन्हाळा, धारवाड, पुढे गुजरात असे पाण्यामागून पाणी पालथे घातले. त्यांचा राधानगरीच्या डायटमवरचा लेख १९५७ चा, तर पन्हाळगडावरच्या पाण्यातल्या डायटमवरचा १९५९ चा आहे. गडावरची टाकी आणि तळी बघायला लोक आजही जातात. त्या पाण्यातल्या जीवांची यादी साठ-पासष्ट वर्षांपूर्वी झाली आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? गांधींजवळ साधा सूक्ष्मदर्शक होता. दिसले ते हाताने रेखाटायचे, कवचावरच्या रेघा मोजायच्या आणि १० मायक्रॉनमध्ये किती रेघा बसतात ते लिहून ठेवायचे. डायटमच्या ओळखीत आजही हा आकडा नावानंतर लगेच येतो. त्यांनी शेकडो नव्या प्रकारांची वर्णने केली.

नंतर एन. डी. कामत यांनी कोल्हापूर आणि इतर भागांतल्या शेवाळांवर काम केले. पी. टी. सरोदे आणि कामत यांचा महाराष्ट्रातल्या गोड्या पाण्यातल्या डायटमवरचा ग्रंथ १९८४ मध्ये औरंगाबादहून निघाला. महाराष्ट्रात कोणी डायटमची ओळख पटवायला बसले की आजही हा ग्रंथ शेजारी लागतो.

जुन्या याद्यांची एक अडचण होती. अभ्यासकांजवळ पुस्तके युरोपची. आपल्या नदीतला नमुना पुस्तकातल्या चित्राशी साधारण जुळला की त्याला युरोपातल्या जातीचे नाव मिळायचे. ‘सूक्ष्मजीव सगळीकडे सारखेच’ हा समजही तेव्हा पक्का होता. वारा आणि पाणपक्षी त्यांना जगभर नेतात, मग इंग्लंडच्या तळ्यातला आणि कोल्हापूरच्या तळ्यातला डायटम वेगळा का असावा? इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर हा समज ढासळू लागला. कवचावरची जी छिद्रे आधी नुसती रेघ म्हणून दिसत होती, ती एकेक दिसू लागली.

हे फेरतपासणीचे काम पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत चालते. (ही संस्था वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या नावाची आहे आणि ती ज्या रस्त्यावर आहे तो गोपाळ गणेश आगरकरांच्या नावाचा. पत्ता सांगताना निम्मे पुणेकर गोंधळतात.) १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून सुरू झालेल्या या संस्थेत डॉ. कार्तिक बालसुब्रमण्यन आणि त्यांचे सहकारी डायटमवर काम करतात. कार्तिक आणि अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचे पॅट्रिक कोसिओलेक यांनी २०१२ मध्ये गांधींनी कोल्हापुरात नोंदलेल्या गोम्फोनेमा या एकाच प्रजातीच्या जाती पुन्हा तपासल्या आणि त्यांची नावे आणि नमुने नव्याने पक्के केले. त्याआधी २०११ मध्ये याच प्रजातीच्या एका नव्या भारतीय जातीला ‘गोम्फोनेमा गांधीआय’ असे नाव दिले गेले. आयुष्य तळ्याकाठी घालवलेल्या माणसाचे स्मारक तळ्यातच झाले.

पुढे सह्याद्रीतल्या जांभ्या खडकावर पावसाळ्यात साचणाऱ्या डबक्यांत ‘कुलिकोव्स्कीया’ ही नवीच प्रजाती सापडली. तिचा २०१९ चा शोधनिबंध सह्याद्री आणि चीनचे हैनान बेट अशा दोन्हीकडच्या नमुन्यांवर आहे. २०२४ मध्ये याच गटाने ‘इंडिकोनेमा’ ही आणखी एक प्रजाती जाहीर केली. तिची एक जात पूर्व घाटातली, दुसरी पश्चिम घाटातली. गोम्फोनेमाच्या कवचाला एका टोकाशी, म्हणजे दगडाला चिकटणाऱ्या पायाशी, छिद्रांचा पुंजका असतो. इंडिकोनेमाला तो दोन्ही टोकांशी आहे. एवढ्याशा फरकाने नवी प्रजाती? बाहेरच्याला हे किस काढणे वाटेल. पण भारतात डायटमचे साधारण साडेसहा हजार प्रकार असावेत आणि त्यातले ३० टक्के जगात इतरत्र नसावेत, असा ढोबळ अंदाज आहे. अशा ठिकाणी एका पुंजक्याच्या फरकाने नमुना भारतातला की आणखी कुठला हे ठरू शकते. न्यायवैद्यकाला हवा तो फरकही असाच बारीक असतो.

हे बहुतेक काम सह्याद्रीच्या आसपास झाले आहे. पाऊस भरपूर, झरे स्वच्छ, जाती जास्त. अभ्यासक तिकडे ओढला जाणे साहजिक आहे. खानदेशाच्या शेजारी, बागलाणात, एस. एन. नंदन आणि एन. एच. अहेर यांनी हरणबारी धरण आणि मोसम नदीच्या पाण्याची प्रत तिथल्या शेवाळांवरून ठरवली. तो अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. मोसम गिरणेला मिळते आणि गिरणा तापीला, म्हणजे हे पाणी शेवटी आपल्याच खोऱ्यात येते.

खानदेशचे पाणी डायटमच्या दृष्टीने गरीब नाही. इथला खडक बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. तो झिजताना पाण्यात सिलिका सोडतो आणि डायटमला कवच घडवायला तीच लागते. जड, किंचित अल्कधर्मी पाण्यातले डायटम इथे असणार. सह्याद्रीतल्या मऊ, आम्लधर्मी पाण्यात रमणारी युनोशियासारखी मंडळी इथे विरळच. शिवाय पाण्याचे प्रकार किती! पांझरेवरचे फड पद्धतीचे दगडी बंधारे काही शतकांचे आहेत. त्यांच्यावरून पातळ धार सतत वाहते, तिथे दगडाला देठाने चिकटून राहणारे गोम्फोनेमा आणि नौकेच्या आकाराचे नॅव्हिक्युला हवेत. (लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थच छोटी नाव.) सुलवाड्याच्या बॅरेजमुळे तापी मैलोन्‌मैल थांबून राहते, तिथे पाण्यात तरंगणारे सायक्लोटेलासारखे गोल चकतीचे डायटम वाढायला जागा आहे. तापीपलीकडे शिरपूर तालुक्यात सुरेश खानापूरकरांच्या मार्गदर्शनाखाली २००४ पासून नाले खोल करून बंधारे घातले गेले. जिथे पाणी दिवाळीपर्यंतही टिकत नव्हते तिथे ते उन्हाळ्यात दिसू लागले. म्हणजे डायटमच्या नव्या वसाहतीच. आणि विहिरी तर असंख्य. दहा मैलांच्या आत इतके वेगवेगळे पाणी असेल तर नकाशाचा उपयोगही तितकाच जास्त.

या नकाशाचा दुसरा उपयोग जिवंत माणसांना आहे आणि खरे तर तोच मोठा आहे. डायटम पाण्याच्या प्रतीला फार संवेदनशील असतात. अकनँथिडियम मिन्युटिसिमम हा बारकासा डायटम प्राणवायूने भरलेल्या स्वच्छ पाण्यात फोफावतो. निट्झशिया पॅलियाला सांडपाणी मानवते. गावाच्या गटारीचे तोंड नदीत उघडते त्याखालच्या दगडांवर तोच माजतो. जड धातू मिसळले तर काही जातींची कवचे वेडीवाकडी बनतात. युरोपीय संघाने २००० च्या जलविषयक कायद्यानंतर नद्यांची तब्येत मोजायला डायटम नियमित वापरायला घेतले. बाटलीतल्या पाण्याचा रासायनिक नमुना त्या क्षणाचे सांगतो. मंगळवारी घेतला तर मंगळवारचे पाणी कळते. सोमवारी रात्री कोणी काय सोडून गेले ते वाहून गेलेले असते. दगडावरचे डायटम मात्र गेल्या काही आठवड्यांचा हिशेब घेऊन बसलेले असतात. नरडाण्याला औद्योगिक वसाहत आहे आणि ती वाढणार आहे. नाल्यांत आणि विहिरींत आज काय राहते याची नोंद आजच केली तर दहा वर्षांनी तुलना करायला काहीतरी हाताशी राहील. एक मात्र लक्षात ठेवायला हवे. पाणी पिण्याजोगे आहे का, हे डायटम सांगत नाहीत. कावीळ, कॉलरा, हगवणीच्या जंतूंसाठी जिवाणूंची तपासणी वेगळी करावी लागते आणि टाकीत क्लोरीन आहे का ते रोज पाहावेच लागते.

नमुना घ्यायला खर्च जवळजवळ नाही. गणपती उठून पूर ओसरले की तीन-चार आठवडे थांबायचे, दगडांवर थर पुन्हा बसू द्यायचा. मग वाहत्या पाण्यात बुडालेले, उजेडातले पाच-सहा दगड उचलायचे आणि वरची बाजू नव्या दातांच्या ब्रशने थोड्या पाण्यात घासायची. जमलेले तपकिरी पाणी बाटलीत भरून त्यात अल्कोहोल घालायचे आणि चिठ्ठीवर नदी, गाव, तारीख पेन्सिलीने लिहायची, कारण शाई विरघळते. ब्रश दर ठिकाणी नवा हवा, नाहीतर बुराईचे डायटम पांझरेत निघतील. पुढचे आम्लाचे काम मात्र महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतच व्हावे. एका स्लाइडवर साधारण ४०० कवचे मोजली की त्या जागेचे चित्र उभे राहते. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावात कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठ आहे. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी आणि न्यायवैद्यकाचा विद्यार्थी यांनी एकाच सूक्ष्मदर्शकावर बसावे असा हा विषय आहे. स्लाइड नीट बनवली तर ती पन्नास वर्षे टिकते. कवच काचेचेच असल्याने ते कुजत नाही.

हवालदाराच्या हातातल्या बाटलीकडे परत यायचे तर तिच्या बाबतीत गावाचा एक रिवाज आड येतो. विहिरीत मृत्यू झाला की पाणी बाटले असे मानून लगेच पंप लावून विहीर उपसतात आणि ब्लिचिंग पावडर टाकतात. पिण्याची विहीर असेल तर आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे, आरोग्य खातेही तेच सांगते. कधी देह शोधण्यासाठीच विहीर उपसावी लागते. पण उपसल्यावर झऱ्यातून जे नवे पाणी चढते ते अंधारातून आलेले असते. त्यात आधीच्या पाण्यातले डायटम नसतात. तेराव्यानंतर कोणाला शंका आली आणि तेव्हा बाटली भरली, तर ती निरुपयोगी ठरते. म्हणून देह वर काढला त्याच वेळी, पंप सुरू करण्याआधी, जिथे देह होता तिथले आणि शक्यतो तेवढ्याच खोलीवरचे लिटरभर पाणी पंचांसमक्ष नव्या बाटलीत भरायचे. आधी नळाच्या पाण्याने बाटली विसळायची नाही. झाकण लावून, सील करून, तारीख-वेळ लिहायची. नंतर विहीर खुशाल उपसावी.